कशानंच भाग न जाणारा नंबर

लढाई सुरू झाली आणि धाकट्या भावाची पत्रं थांबली. त्याचा पलटणीतला सात आकडी नंबर कुंडलच्या आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. देवाचा घोटाळा नको म्हणून आई नवसातही तोच सांगायची. मी सांगलीच्या कॉलेजात गणितात गटांगळ्या खात होतो. जिवाला चाळा म्हणून तो नंबर तीन, सात, अकरा असं करत पार वर्गमुळापर्यंत भागत गेलो. दरवेळी बाकी उरली.

"आबा, मूळ संख्या हाय. कशानंच भाग जात न्हाई," मी ऐटीत सांगितलं.

"मग येतंय पोरगं," म्हणत वडील पोटभर जेवले.

पुढच्या आठवड्यात तो गेल्याची तार आली. एखादा आकडा चुकला असेल म्हणून मी तारेतला नंबर पुन्हा पुन्हा ताडून पाहिला.

"तू तर म्हणला हुतास, भाग जात न्हाई," आबा म्हणाले.

आयुष्यात तेवढं एकच गणित माझं बरोबर आलं होतं.