संग्रहालयातलं उलटं मंगळसूत्र

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, बायको म्हणते जुनी प्रकरणं उकरू नका. पण हे प्रकरण उकरावं लागत नाही, ते वरच असतं.

तेव्हा मी बडोद्यातल्या एका पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. आमच्या चार पिढ्या बडोद्यात गेल्या, त्यामुळे घरात मराठी आणि ठाण्यात गुजराती. कच्छच्या भूकंपाला आठ वर्षं झाली होती. भूकंपाच्या वेळी बडोद्याहून बंदोबस्ताला ज्या तुकड्या गेल्या, त्यात मीही होतो. बारा दिवस तिथं काढले. परत आल्यावर ‘जलद व शिस्तबद्ध कामगिरी’ म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी केबिनमध्ये खुर्चीमागे फ्रेम करून लावलं होतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

एका सकाळी हजेरी आटोपून बसलो होतो. बाहेर आमचा पीएसओ, म्हणजे ठाणे अंमलदार, यात पोलीस काय करणार, असं कुणाला तरी समजावत होता, “माजी, आमां पोलीस शुं करे? घेर जाव.” त्यावर एका बाईचा आवाज आला, अस्सल मराठीत, “घरी जाऊ? आठ वर्षं घरीच बसलेय की रे मेल्या!”

मी उठून बाहेर आलो. साठीची बाई, इस्त्रीची सुती साडी, हातात कापडी पिशवी. तिसऱ्यांदा आली होती आणि पीएसओने तिला तिसऱ्यांदा वाटेला लावायची तयारी केली होती. मी म्हटलं, “काकू, आत या. बसा.”

मराठी ऐकून तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि बसण्याआधीच म्हणाली, “साहेब, माझ्या मुलीचं मंगळसूत्र काचेच्या पेटीत ठेवलंय. लोक तिकीट काढून बघतात.”

काकू तरसालीला राहत. यजमान रेल्वेत फिटर होते, ते भूकंपानंतर वारले होते. थोरल्या मुलीचं लग्न भूकंपाच्या आदल्या मार्गशीर्षात झालं. जावई कच्छमध्ये कंपनीत नोकरीला, सासू-सासरे तिथंच. पहिल्या संक्रांतीचं हळदीकुंकू माहेरी करायचं म्हणून काकूंनी मुलीला रथसप्तमीच्या आत बोलावलं होतं. फोनवर सांगितलं होतं, “संक्रांतीचीच साडी नेसून ये, इथल्या बायकांना दाखवायची आहे.” प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी मुलगी पिशवी घेऊन बस स्टँडकडे निघाली. पावणेनऊच्या सुमारास धरणी हलली. जावई वाचला, सासू-सासरे वाचले. मुलगी घराच्या ढिगाऱ्यात सापडली नाही, इस्पितळात नाही, कुठल्याच यादीत नाही.

“मग सासरचे म्हणायला लागले, पळाली,” काकू म्हणाल्या. “भूकंपाची संधी साधून अंगावरच्या सोन्यासकट पळाली. मी सांगत होते, अहो ती माझ्याकडे यायला निघाली होती! तर म्हणे, आई आहे, झाकणारच. जावयानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. आता इथं हरणीला बंगला बांधलाय. माझ्या धाकटीची तीन स्थळं मोडली साहेब. बघायला येतात आणि परत गेल्यावर निरोप येतो, थोरली पळून गेलेली आहे ना?”

मी विचारलं, “ते मंगळसूत्र तिचंच कशावरून?”

“वाट्या उलट्या आहेत. आमच्यात नव्या नवरीला वाट्या उलट्या घालतात आणि पहिल्या हळदीकुंकवाला माहेरी सुलट्या करतात. आणि माहेरच्या वाटीला पाठीमागून डाग दिलेला आहे. मीच माझ्या कुड्या मोडून केली होती, सोनारानं सांधताना जरा बोंगळच केलं. काचेतून ती बाजू दिसत नाही. तुम्ही उलटून बघा.”

तपासात एक नियम आहे: आधी वर्णन, मग वस्तू. मी वर्णन लिहून घेतलं, काकूंची सही घेतली आणि ‘जाणवाजोग’ नोंद केली. गुन्हा दाखल करण्याआधी चौकशीसाठी जी नोंद होते तिला गुजरातेत असं म्हणतात. पीएसओला मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुपारी काकूंनी सांगितलेल्या भूकंपाच्या संग्रहालयात गेलो. अलकापुरीत एका ट्रस्टच्या कचेरीमागे, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. आत बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ, चेपलेला जेवणाचा डबा, शाळेची तडकलेली घंटा, एका पायाची लहान चप्पल. दोन जोडपी फिरत होती. एकानं चपलेसमोर उभं राहून बायकोचा फोटो काढला, ती हसली, आणि दोघं पुढच्या पेटीकडे गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांच्या घरच्या मयताला कुणी असं हसत हिंडतं का?

मंगळसूत्राच्या पेटीत गुजराती पाटी होती: ‘कच्छनी एक अजाणी नववधू’, म्हणजे कच्छची एक अनोळखी नववधू. खाली कुणी तरी हौसेनं परिच्छेद लिहिला होता. ती म्हणे पतीसाठी शृंगार करत होती, आरशात पाहत होती आणि काळानं घाला घातला. सगळं मनचं! अरे, काळे मणी, दोन वाट्या, हे मराठी मंगळसूत्र आहे, एवढं तरी बडोद्यात राहून कळायला नको?

पेटी उघडायला लावली. पंच बोलावले. त्यांच्यासमोर मंगळसूत्र उलटलं. डाव्या वाटीच्या पाठीवर सोनाराचा डाग होता, बोंगळ, काकूंनी सांगितला तसाच.

संग्रहालयाचे सचिव सत्तरीचे खादीधारी गृहस्थ होते. शहरात मान होता. ही वस्तू कुणी दिली, या प्रश्नावर ते म्हणाले, “एका सद्गृहस्थांनी.” देणगीच्या रजिस्टरमध्ये बाकी प्रत्येक वस्तूसमोर देणाऱ्याचं नाव, इथं मात्र कोरं. मी त्यांना ठाण्यात यायला सांगितलं. ते पोचण्याआधी माझ्या वरिष्ठांचा फोन पोचला, “जवा दे ने, मोटा माणस छे.” मी म्हटलं, सर, मोठा माणूस आहे म्हणूनच त्यांना चहा देणार आहे. आणि फोन ठेवला.

मारझोडीनं माणूस बोलतो हा समज ज्यांनी काम केलेलं नाही त्यांचा. मी त्यांना चहा दिला आणि एकच प्रश्न तीन वेळा, तीन वेगळ्या वेळी विचारला. पहिल्यांदा ते चिडले. दुसऱ्यांदा त्यांनी केलेली समाजसेवा सांगितली. तिसऱ्या वेळी मी फक्त काकूंचं निवेदन गुजरातीत वाचून दाखवलं, पळाली म्हणतात इथपासून तीन स्थळं मोडली इथपर्यंत. सचिवांनी चष्मा काढला.

“साहेब, मी काढलं तिच्या गळ्यातून,” ते म्हणाले.

मी इतक्या जोरात टेबलावर हात मारला की पीएसओ धावत आला. “मेलेल्या पोरीच्या गळ्यातून? आणि वर सेवा सांगता? लाज नाही वाटत?”

“आधी ऐका तर!” म्हातारा पहिल्यांदाच ओरडला. “मी तिथं स्वयंसेवक होतो. बाजारातल्या पडलेल्या गॅलरीखालून तिला आम्ही काढलं. आम्हाला सांगितलं होतं, दागिना चोरीला जाऊ नये म्हणून काढून पोलिसांच्या टेबलावर द्या. मी नेलं. तिथं कागद लिहिणाऱ्या तुमच्या रायटरनं भरलेला कागद दाखवला, आता त्यात काही लिहिता येणार नाही म्हणून. म्हणाला, ‘काका, फॉर्म भराई गयुं छे, हवे कंई न लखाय. सांजे आवजो.’ संध्याकाळी गेलो, तर टेबल दुसरीकडे हललेलं. दुसऱ्या दिवशी आमची गाडी परत निघाली.”

त्यांनी घरून एक पाकीट मागवलं. आत पुठ्ठ्याचा चिटोरा होता, त्यावर मृतदेहाचा क्रमांक. आठ वर्षं जपून ठेवलेला. मी विचारलं, मग पोलिसांना का कळवलं नाही? ते म्हणाले, “दोन वेळा मी तसाच परत आलो. तिसऱ्यांदा गेलो असतो तर चोर म्हणाले असते. तुम्ही आत्ता म्हणालातच ना?”

म्हणालो होतोच. त्यांची चूक होतीच. पाटीवरची ती खोटी कहाणीही त्यांचीच. पण माझा सगळा राग आता त्या पोलीस टेबलाकडे वळला. कुठल्या नालायकाच्या हाताखाली हे चाललं होतं? मी पीएसओला म्हटलं, “तो अधिकारी अजून नोकरीत असला तर त्याला घरी बसवल्याशिवाय मी राहत नाही.” खरं तर ‘फॉर्म भराई गयुं छे’ हे शब्द ऐकूनच माझ्या डोक्यात काही तरी चमकायला हवं होतं. चमकलं नाही. शिव्या दुसऱ्याला द्यायच्या असल्या की माणसाची आठवण सोयीनं झोपते.

हेड कॉन्स्टेबलला कच्छला पाठवलं. पंधरा दिवसांनी तो त्या क्रमांकाच्या मरणोत्तर पंचनाम्याची नक्कल घेऊन आला. पाकीट टेबलावर ठेवलं आणि जाताना केबिनचं दार ओढून घेतलं.

कागद असा होता. स्त्री, वय अंदाजे बावीस. चेहरा ओळखण्यासारखा नाही. काळी साडी, पांढरी खडी. दागिने: कंई नथी, म्हणजे काही नाहीत. शेवटच्या रकान्यात रायटरचा शेरा: विधवा जणाय छे, म्हणजे विधवा वाटते. खाली तपासणी अधिकाऱ्याची सही.

सही माझी होती.

हुकूमही माझाच होता. कागदांचा ढीग पडत होता. दागिना नोंदला की मुद्देमाल आला, म्हणजे पंच, पावती, लाखेचं सील. एका कागदाला अर्धा तास. म्हणून मी रायटरना सांगितलं होतं, दागिन्यांच्या रकान्यात आधीच ‘कंई नथी’ भरून ठेवा, काही निघालं तर संध्याकाळी वेगळी यादी करू. ती संध्याकाळ कधी आली नाही. पुढचं त्या रायटरच्या समजुतीनं झालं. त्याच्या गावी काळं लुगडं विधवा नेसते. गळ्यात काही नाही आणि अंगावर काळी साडी, मग विधवाच. त्याला मी काय बोलू? पण मी? माझ्या स्वतःच्या बायकोनं पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसली होती. पांढऱ्या खडीची काळी साडी म्हणजे आमच्यातली नवी नवरी, हे त्या टेबलावर कळणारा मी एकटा मराठी माणूस होतो. आणि मी न वाचता सही केली.

बाहेर लावलेल्या यादीत साडीचा रंग नव्हता. एवढंच होतं: स्त्री, विधवा जणाय छे, दागिने नथी. काकूंचे यजमान त्या यादीपुढे उभे राहिले होते. आपली मुलगी सवाष्ण, म्हणून पुढची ओळ वाचायला गेले होते.

मी भिंतीवरची फ्रेम काढून कपाटाच्या मागे टाकली आणि माझा स्वतःचा जबाब लिहून वर पाठवला. वरिष्ठांचा फोन आला, “पोताना पग पर कुहाडो केम मारे छे? आपल्याच पायावर कुऱ्हाड? कोण विचारतंय आता?” पुन्हा तेच! कोण विचारतंय! आठ वर्षं एक बाई विचारत होती, आणि आपण तिला ‘घेर जाव’ सांगत होतो.

कोर्टाच्या हुकमानं मंगळसूत्र काकूंना द्यायचं ठरलं. मी निरोप धाडला, घरी आणून देतो. काकूंचा उलट निरोप आला: “वर्दीत या. जीप घेऊन या. सकाळी अकराला भाजीची लारी येते, सगळ्या बायका खाली असतात, तेव्हा या. आणि काय सापडलं ते मोठ्यानं वाचा. माझ्या घरात नको, अंगणात.” जावयालाही बोलवा म्हणाल्या. त्याला बोलावलं. तो मला म्हणत होता, “जाऊ द्या ना साहेब, झालं गेलं.” मी त्याला सांगितलं, “झालं गेलं तुमचं. ज्या तोंडानं पळाली म्हणालात ते घेऊन अकराला हजर राहा.”

तरसालीच्या त्या अंगणात मी उभा राहून वाचलं. मुलगी बस स्टँडच्या वाटेवर गॅलरीखाली सापडली. गळ्यात मंगळसूत्र होतं, तरी यादीत विधवा लिहिलं गेलं. ती माहेरी निघाली होती. लारीवाल्यानं हातगाडीवरचा तराजू खाली ठेवला होता. जावई मान खाली घालून उभा होता. धाकटी मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, ती हुंदके देत खाली बसली.

काकूंनी विचारलं, “मग विधवा कुणी लिहिलं?”

“रायटरनं.”

“त्याला काय कळतंय? सही कुणाची?”

मी म्हटलं, “माझी.”

काकू म्हणाल्या, “तुम्ही मराठी ना हो?” एवढंच. मंगळसूत्र घेतलं, दोन्ही वाट्या बोटांनी सुलट्या केल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

खात्यानं मला लेखी समज दिली. एवढ्याशा शिक्षेचाही मला राग आला, इतकी ती कमी होती. या प्रकरणानं मला एकच शिकवलं: माणूस बघण्याआधी भरलेला रकाना हा खोटा पुरावा असतो. पुढच्या सगळ्या नोकरीत मी माझ्या ठाण्यात एकही कागद आधी भरू दिला नाही. लोक मला चेंगट म्हणायचे. म्हणोत.

संग्रहालयात आता त्या पेटीत पंचनाम्याची नक्कल आहे. सचिव सही झाकायला निघाले होते, मी झाकू दिली नाही. दर वर्षी प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन करून मी तिथं जातो आणि पेटीजवळ उभा राहतो. काकूही येतात. संक्रांतीचे दिवस, पिशवीत तिळगुळाचा डबा असतो. सचिवांना देतात, कारण ते दोनदा त्या टेबलाकडे गेले होते. चौकीदाराला देतात, अनोळखी माणसांनाही देतात.

मला देत नाहीत. बरोबर करतात.