टेबलाखालची जागा

बुलढाण्याला होस्टेलच्या आमच्या खोलीत इंटरनेटचं भोक भिंतीत एकच, आणि मुली दोन. मोबाईलला रेंज म्हणावी तर एखादी काडी, तीही खिडकीत. भोक होस्टेलचं, पण वायर मी माझ्या गावाहून, डोणगावहून आणलेली, त्यामुळे कायदाही माझाच. जेवणाआधी मी, जेवणानंतर माझी रूम पार्टनर. ती सोनाळ्याची, शांत. माझी वेळ झाली की मी तिचा व्हिडिओ अर्ध्यात असतानाच वायर ओढून घ्यायचे. ती भांडायची नाही, नुसती बघायची. मला त्याचाच जास्त राग यायचा.

शेवटच्या वर्षी तिला एका कंपनीची ऑनलाईन मुलाखत आली. लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर फोनवरून सांगून दुरुस्त करून द्यायचे, असं काम. आधीची मुलाखत तिने मोबाईलवर दिली होती. चित्र मध्येच थिजलं आणि त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. त्या वर्षी कॉलेजात आणखी कंपनी येणार नव्हती. म्हणून या वेळी वायर मी तिच्या हवाली केली.

नेमकं मुलाखतीच्या सकाळी नेट जायला लागलं. तिने एकेक तपासलं, तर वायरीच्या पिनेला भोकात अडकवून ठेवणारा खटका घाईत तुटलेला. पिन भोकात बसायची, पण हात काढला की नेट गायब. दुकानं अजून उघडायची होती आणि शेजारच्या खोलीत वायरच नव्हती. तिचे डोळे भरून आले. मी वायरीला मनसोक्त शिव्या घातल्या, टेबलाखाली शिरले आणि पिन अंगठ्याने दाबून धरली.

"तू बोल वं. मी हात काढत नाही."

मुलाखत इंग्रजीतून सुरू झाली. पलीकडच्या मॅडमचा आवाज कोरडा होता. पार्टनर पाठ केलेलं बोलत होती, अडखळत होती. माझ्या नाकात धूळ गेली आणि व्हायचं तेच झालं. मी शिंकले.

खोलीत आणखी कोण आहे, असं मॅडमनी मराठीत विचारलं. मला वाटलं, आता हीपण मुलाखत माझ्यामुळे जाणार.

"मैत्रीण आहे मॅडम, टेबलाखाली. पिनेचा खटका तुटला, तिनं दाबून धरली हाय."

मॅडमनी दाखवायला सांगितलं. लॅपटॉप खाली वळला आणि मी मोकळा हात हलवला. मग त्यांनी तिला विचारलं, दोष पिनेतच आहे हे कसं ओळखलंस? तिने सांगितलं: आधी दुसरा लॅपटॉप लावून पाहिला, मग शेजारच्या खोलीतलं भोक, मग वायरीचं दुसरं टोक. या उत्तरात ती एकदाही अडखळली नाही. माझा अंगठा बधिर झाला होता, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की पुन्हा शिंक आली असती तर मी ती गिळली असती.

तिची निवड झाली.

पुढच्या महिन्यात मलाही बाहेरच्या एका कंपनीची मुलाखत आली. त्याच सकाळी ती सामान घेऊन कायमची सोनाळ्याला निघणार होती. मी तोंड धुऊन आले, तर बॅग दाराशीच आणि ती टेबलाखाली, उशी टाकून बसलेली. वायरीला नवीन पिन केव्हाच बसवली होती, खटका पक्का होता. मी तसं म्हटलंही, आणि एसटी चुकेल म्हणून ओरडलेही.

"चुकू दे," ती म्हणाली. "मले त्या पिनेचा भरोसा नाही. तू बोल."