बुरुलचा सरकता दिवा

बुरुलने बिश्केकमध्ये इतकी भाड्याची घरं बदलली होती की नव्या घरात पाऊल टाकलं की ती आधी वर बघायची. छताच्या मधोमध एक दिवा टांगला की आपलं काम झालं, असं घरमालकांना का वाटतं, हे तिला कधी कळलं नाही. माणसं काय खोलीच्या मधोमध उभी राहून जगतात? तिच्या एकुलत्या एका खोलीत सकाळी खिडकीशी शिवणयंत्र चाले, संध्याकाळी ते कोपऱ्यात सरकवून जेवणाचा दस्तरखान अंथरला जाई आणि रात्री तिथेच गाद्या पडत. दिवा मात्र ढिम्म जागेवर.

या घराची मालकीण झिनाइदा पाव्लोव्हना तर महाखट. "झुंबराला हात लावायचा नाही, कपाट हलवायचं नाही, आणि भिंतीला खिळा दिसला तर तुमचं सामान रस्त्यावर!" असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ते अजस्र कपाट अर्धी खोली अडवून बसलेलं. त्याच्या सावलीमुळे दारापासून सर्वांत आतली जागा, वडीलधाऱ्यांना मानाने बसवायची तोर, नेमकी अंधारात जाई.

गेल्या हिवाळ्यात त्याच तोरवर बुरुलचे सासरे बसले होते. जोमार्त अता, म्हणजे जोमार्तबाबा, जन्मभर डोंगरात मेंढ्या राखलेले. बायको गेल्यापासून गावात एकटेच राहत. हिवाळाभर राहायला म्हणून आले, गप्प गप्प बसले, एक विचारलं तर भलतंच सांगत राहिले, आणि थोड्याच दिवसांत टोपी घालून निघाले. "शहर मानवत नाही मला," एवढंच म्हणाले. बुरुलच्या मनाला ते फार लागलं. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. घरात कुणाला तरी 'अता' म्हणून हाक मारावी, ही तिची जुनी हौस होती.

"आपण त्यांना अंधारात बसवलं," ती नवऱ्याला म्हणाली. "अपमानच झाला त्यांचा."

"अगं, त्यांनी सगळा जन्म कंदिलावर काढलाय," एमिल म्हणाला.

"पण तो कंदील तोरपाशी असायचा ना!"

यंदा अता पुन्हा येणार म्हटल्यावर ती तडक बाजारात गेली. दुकानदाराने एक उंच, उभा दिवा दाखवला. बुरुलने दुकानातच फरशीवर बैठक मारली आणि वर पाहिलं. बल्ब थेट डोळ्यांत!

"हा सोफ्यावर बसणाऱ्यांचा दिवा. आम्ही खाली बसणारी माणसं," ती म्हणाली.

चिमट्याचा दिवा तिला आवडला, पण चिमटा लावायचा कशाला, मालकिणीच्या कपाटाच्या काचेला? दिव्यांची माळ पाहून तिला लग्नाचा हॉल आठवला. दुकानदार वैतागला.

"बाई, तुम्हाला दिवा हवाय की मागे मागे फिरणारं मांजर?"

"मांजरच द्या," बुरुल म्हणाली.

शेवटी तिने लांबलचक वायरचा टोपीवाला दिवा घेतला, एक आकडा, दोरी आणि जमीन-छताच्या मध्ये स्प्रिंगने घट्ट बसणारा एक दांडा. खिडकीजवळच्या पाइपापासून दाराशी बसवलेल्या दांड्यापर्यंत दोरी ताणली आणि आकड्याने दिवा अडकवला. हवा तिथे सरकवावा, घर बदललं की पिशवीत भरावा. झिनाइदा पाव्लोव्हनाने येऊन सगळ्या भिंतींवरून हात फिरवला आणि एकही खिळा न सापडल्यामुळे ती हिरमुसून परत गेली.

अता आले त्या संध्याकाळी बुरुलने दिवा बरोबर त्यांच्या डोक्यावर आणला आणि झुंबर बंद केलं. त्यांची पांढरी टोपी लखलखली. ती स्वतः दाराकडच्या टोकाला, चहाच्या समोवारपाशी, सुनेच्या जागी बसली. सासऱ्यासमोर सुनेने आवाज चढवायचा नसतो, म्हणून रीतीप्रमाणे अर्धीच वाटी चहा पुढे करत तिने हलकेच विचारलं, "अता, यंदा हिवाळाभर राहाल ना?"

"हो, हो, शोरब्यात मीठ अगदी बरोबर झालंय," अता म्हणाले.

एमिलला ठसका लागला. बुरुलचा चेहरा पडला. एवढा उजेड पाडूनही यांचं मन काही लागत नाही, असं वाटून तिला रडूच यायला लागलं.

अता डोळे किलकिले करून इकडेतिकडे बघत होते. मग एकदम म्हणाले, "एमिल, मला पोलीस ठाण्यात बसवलंय का रे? उजेड माझ्या तोंडावर, आणि तुम्ही सगळे काळोखात!"

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, काठीने आकडा ढकलत ढकलत दिवा थेट समोवारपर्यंत नेला आणि परत आपल्या जागी जाऊन बसले.

"अहो अता, तुमची मानाची जागा..." एमिल म्हणाला.

"मान गेला खड्ड्यात! कान गेलेत माझे. तोंड दिसलं तर कळतं कोण काय म्हणतंय. तू ओरडतोस ते पोचतं, पण ही पोर रीत पाळून पुटपुटते, तीही अंधारात बसून. मागच्या खेपेला मला वाटलं, ही माझ्याशी बोलतच नाही. नको असलेल्या घरात कशाला राहायचं?"

बुरुलला हुंदका आणि हसू दोन्ही एकदम फुटलं. आता सगळा उजेड तिच्या ओल्या चेहऱ्यावर होता.

"हं, काय विचारत होतीस मघाशी?" अता म्हणाले.

तिने आवाज जराही चढवला नाही. "राहाल ना, अता?"

म्हाताऱ्याने तिच्या ओठांवरची नजर हलवली नाही. "राहीन की, पोरी. वसंतापर्यंत राहीन," ते म्हणाले. "आणि मघाशी मी आपलं ठोकून दिलं. मीठ कमी आहे."