वडिलांना ‘इज’ कसं म्हणायचं?

आता ऐकाच. नोकरीत असताना साहेब लोक अपमान करायचे, त्याचा पगार तरी मिळायचा. निवृत्तीनंतर माझा फुकटात अपमान झाला, तो एका इंग्रजी क्रियापदापायी.

रानशेतच्या एका शेतकऱ्याची मुलगी वैशाली आमच्या डहाणूच्या घरी इंग्रजी शिकायला येऊ लागली. चिखल्याला समुद्राकाठी एक गेस्टहाऊस आहे, तिथे रिसेप्शनला मुलगी हवी होती. नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर मामाने आणलेलं स्थळ दारात उभंच होतं.

मी तिला कर्ता-क्रियापदाचा हिशेब समजावला. एक असेल तर इज, अनेक असतील तर आर.

“म्हणजे आई इज, बाबा इज,” वैशाली म्हणाली.

मला हे सहन होईना. आईचं ठीक आहे, आईला आपण ‘आली’च म्हणतो. पण जन्मदात्या बापाला एकेरी?

“बाबांना आर,” मी म्हटलं.

“पण काका, आमच्या पाड्यावर ‘बाबा आला’ असंच बोलतात.”

“म्हणून तर शिकायला आलीस ना? इंग्रजांना वडीलधाऱ्यांची चाड नसेल, आपल्याला आहे. जन्मभर कचेरीत मी ‘साहेब आर ऑन टूर’ लिहिलं. एकाही साहेबाने खोडलं नाही.”

“साहेबांना तरी कुठे येत होतं?” आमची सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली. काही माणसांना शिकवणीत विघ्न आणायची हौस असते.

मुलाखतीहून वैशाली थेट आमच्याकडे आली.

“मालकीणबाईंनी विचारलं, घरी कोण असतं? मी म्हटलं, माय मदर इज ॲट होम, माय फादर आर ॲट होम.”

“शाब्बास.”

“त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, हाउ मेनी फादर्स?”

सौ. पदर तोंडाला लावून आत गेली.

“मग तू काय म्हणालीस?”

“ओन्ली वन मॅडम, बट व्हेरी रिस्पेक्टेड.”

माझं डोकं सणकलं. सभ्य घरच्या मुलीला वडील किती, असं विचारायचं? ही काय रीत झाली? मी चपला शोधू लागलो. चिखल्याला जाऊन त्या बाईला दोन शब्द सुनावणारच होतो.

“नका जाऊ काका. नोकरी दिली त्यांनी. म्हणाल्या, न घाबरता बोलतेस, पाहुण्यांपुढे उभी राहशील. इंग्रजी मी सुधारते.”

मी चपला शोधायचं सोडलं. मुलगी सुटली मामाच्या तावडीतून. आता थोडं श्रेय आपल्याही वाट्याला यायला काय हरकत होती?

“माझा विषय निघाला असेल?”

सौ.ने आणून दिलेला चहा वैशालीने बाजूला ठेवला.

“निघाला. कोण शिकवतं, विचारलं. मी म्हटलं, माय काका आर टीचिंग.”

“बरोबर. मग?”

“म्हणाल्या, तरीच. एकट्या माणसाला एवढं बिघडवणं जमलंच नसतं.”