गोचीडबाईंचा आनंद

गोचीड सापडली की टाळ्या पिटणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. आम्ही भामरागडकडची माणसं. जंगलातून आलो की काखेत, गुडघ्यामागे हात फिरवायचा, काही लागलं तर उपटून चुलीत टाकायचं, एवढाच आमचा गोचिडीशी संबंध. या बाई ती चिमट्याने अलगद उचलायच्या, भिंगाखाली धरायच्या आणि म्हणायच्या, "अहाहा, काय पाय आहेत!" शहरातल्या प्रयोगशाळेतून आलेल्या, शिक्षण मोठं, नावाआधी डॉक्टर, पण गावाने त्यांना गोचीडबाई केलं आणि त्याही त्या हाकेला खुशाल ओ द्यायला लागल्या.

आमच्या पुढच्या खोलीत त्या भाड्याने राहत. पायमोजे पँटवरून वर ओढायचे, पांढरं फडकं काठीला बांधायचं आणि चितळांच्या वाटेवरच्या गवतातून ते ओढत न्यायचं, ही त्यांची सकाळ. दबा धरून बसलेल्या गोचिडी फडक्याला चिकटत. सरपणाला निघालेल्या बायका थांबून बघत. "बाई, जंगलाले झाडू मारून राह्यल्या का?"

"हो! आणि कचरा घरी नेते!"

थंड देशांत गोचिडीतून लाइम नावाचा आजार होतो. अंगावर लाल चकंदळ उठतं, ताप येतो, पुढे सांधे धरतात. त्याचा जिवाणू आपल्या रानातल्या गोचिडींत आहे का, आणि असला तर कितींत, हे बाईंना शोधायचं होतं. 'कितींत' हा शब्द त्या टेबलावर बोट आपटून म्हणायच्या. "नुसतं 'आहे' म्हणून काही कळत नाही, भाऊ. कितींपैकी किती ते सांगा." मी पावसाचं पाणीसुद्धा मापून ठेवणारा माणूस, मला हे फार आवडलं. बायको म्हणाली, "घरात एक होता तो पुरत नव्हता काय?"

त्यांची तपासायची रीत मी मुद्दाम समजून घेतली. एकेक गोचीड तपासत बसलं तर वर्ष पुरणार नाही. म्हणून प्रत्येकीचे दोन भाग करायचे. दहा जणींचे अर्धे भाग वाटून एकाच नळीत घालायचे, उरलेले अर्धे वेगवेगळे जपून ठेवायचे. नळी कोरी निघाली की दहाही सुटल्या. नळीत जिवाणूची खूण दिसली, तर त्या दहांतल्या निदान एकीत काहीतरी आहे; त्याहून जास्त काही म्हणायचं नाही.

खूण दिसल्याचा फोन शहरातून आला तो नेमका बाजाराच्या दिवशी. बाईंनी वांग्यांच्या ढिगासमोर उडीच मारली. "सापडला! सापडला हो!"

"काय सापडलं?" वांगेवालीने विचारलं.

"जिवाणू! आपल्या गोचिडीत!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की गोचिडीत रोग निघाला. आता सगळ्यात जास्त गोचिडी बाईंना कोणी दिल्या होत्या? आमच्या शेजारच्या जैनीबाईने. तिचं घर बकऱ्यांवर चालतं, आणि तिने हौसेने एकेक बकरी धरून दिली होती. दुसऱ्या दिवशी तळ्यावर तिला अडवलं, "तुह्या बकऱ्या इकडं आणू नको." बकऱ्या घ्यायला आलेला व्यापारी दारातूनच परतला. जैनीबाई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"मी तुमाले गोचिडी देल्या, अन् तुमी माह्या घराले रोग लावला?"

बाईंचा चेहरा खाडकन उतरला. त्यांनी नळी, दहा, निदान एक, असं समजवायला सुरुवात केली. जैनीबाईने हात वर केला. "दहाचं सांगू नका. माह्यं सांगा."

बाईंनी पिशवी भरली. त्या दुपारच्या गाडीनेच शहराला गेल्या. त्या दहांचेच काय, जैनीबाईच्या बकऱ्यांवरच्या सगळ्या गोचिडींचे अर्धे भाग आता एकेक करून तपासायचे होते. बकऱ्या तोवर कुडाच्या गोठ्यात बांधलेल्या. जैनीबाई लांबून घागरी भरून आणून त्यांना पाणी पाजत होती.

पुन्हा बाजार भरला होता तेव्हा बाई गाडीतून उतरल्या; उतरल्या कसल्या, उडी मारली. "नाही सापडला! एकही नाही!" तोच आवाज, त्याच टाळ्या! लोकांना वाटलं, आणखी एक रोग निघाला. त्यांनी पिशव्या उचलल्या. जैनीबाई आरोळी ऐकून घराकडे पळत सुटली, तिच्यामागे बाई, बाईंमागे माझी बायको.

"जैनीबाई, थांबा! आनंदाची बातमी आहे!"

"तुमची आनंदाची बातमी मले परवडत नाई!"

तिला धरून आणलं. मग बाई बैलगाडीवर चढल्या आणि पहिल्यांदाच हळू बोलल्या. "मागे मी घाईने ओरडले, ते चुकलं. आज नीट सांगते." दहांपैकी एकाच गोचिडीत जिवाणू होता. ती चितळांच्या वाटेवरच्या फडक्यातली. तो लाइमचा नव्हे, त्याचा लांबचा भाऊबंद. माणसाला बाधतो की नाही हे अजून त्यांनाही ठाऊक नव्हतं. बकऱ्यांवरच्या तपासलेल्या गोचिडींत एकही नाही. "पण तपासल्या तेवढ्यांचंच हे. गोचीड दिसली तर काढा, ताप आला तर दवाखान्यात जा." लोकांनी ऐकून घेतलं. तळं जैनीबाईला मोकळं झालं.

पुढे पावसाळ्यात नदी रस्ता अडवायच्या आत बाईंना निघायचं होतं. सामान चढलं, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, आणि जैनीबाई एका काळ्या बोकडाला शिंगाला धरून ओढत आली. तो देवाला सोडलेला. त्याला परक्याने हात लावायचा नसतो, म्हणून तपासणीच्या वेळी तिने त्याला कुडामागे लपवला होता.

"हा राह्यला होता, बाई. तुमाले सांगतलं नोतं."

मला वाटलं, हिशेब चुकवला म्हणून बाई चिडणार. त्यांनी गाडीतून परत उडी मारली. "म्हणजे आपली बेरीज अजून वाढते!"

बोकडाला हात जैनीबाईनेच लावला. त्याच्या कानातल्या गोचिडी तिने एकेक काढून टाकल्या, बाईंनी फक्त डबी धरली. ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला नाही. दोघींपैकी कोणी मान वर केली नाही.

पाऊस सरल्यावर बाईंचा फोन आला. बोकडावरच्याही सगळ्या कोऱ्या. निकाल सांगायला मी लगबगीने तळ्यावर गेलो. बोकड आधीच साऱ्या गावाच्या गुरांत घुसून पाणी पीत होता. मी तोंड उघडायच्या आत जैनीबाईने विचारलं, "बाईचा फोन आला काय? बरी आहे ना थे?"

"बरी आहे."

"वापस कधी येते म्हणे?"

ते मी विचारलंच नव्हतं.