डिशपायी मारलेली बायको

व्हर्ना साइझमोर मेली असं तिच्या नवऱ्यानं पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ती त्याच्या पाठीमागेच शेगडीपाशी उभी होती, घेवडा ढवळत. हे मला तिनंच सांगितलं, माझ्या खाणावळीत बटाटे सोलता सोलता, आणि सांगताना तिचा हात कुठे थांबला नाही.

केंटकीच्या आमच्या डोंगरात कुणाचं काही लपून राहत नाही, तरी व्हर्नाबद्दल सांगण्यासारखं फारसं कुणाकडे नव्हतं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दरीतल्या दोन पिढ्या तिच्या हातचा मक्याचा पाव खाऊन वाढल्या आणि त्यातल्या बहुतेकांना तिचं नाव ठाऊक नव्हतं. नवरा डेलमर कोळशाचा ट्रक चालवायचा. खाण बंद पडली, मग त्याची पाठ गेली, आणि पाठीबरोबर काम करायची इच्छाही गेली. पाठीसाठी सरकारकडून काही मिळालं असतं, पण तपासणीच्या आधी हा गडी मारलेलं हरीण खांद्यावर टाकून पेट्रोल पंपावर मिरवत होता. ते ज्यांनी बघायला नको त्यांनीच बघितलं.

म्हणजे घर चालायचं ते व्हर्नाच्या पेन्शनवर. त्याचा डेलमरला भारी राग. खायचं तिचं आणि टाकून बोलायचं तिलाच, अशी त्याची रीत. मूलबाळ नव्हतं. एकदा दिवस गेले होते, ते टिकले नाहीत. तेव्हापासून तो तिला चारचौघांत भाकड म्हणायचा. चर्चच्या जेवणावळीतसुद्धा. लोक ताटात बघत राहायचे.

टीव्हीच्या डिशचा करार तिच्या नावावर होता, कारण डेलमरला उधारीवर कुणी काडेपेटीही देत नसे. करार दोन वर्षांचा, सही तिची, रिमोट त्याचा. त्याला मोटारींच्या शर्यती लागायच्या. पुढे दरीपर्यंत केबल आली आणि शर्यती तिकडे जास्त दिसायला लागल्या, तशी त्याला डिश नकोशी झाली. पण मुदतीआधी डिश सोडली तर उरलेल्या प्रत्येक महिन्याचा दंड. तो भरायची त्याची तयारी नव्हती.

त्यानं कंपनीला फोन लावला. चित्र नीट दिसत नाही म्हणाला, तर त्यांनी माणूस पाठवतो म्हटलं. घर बदलतोय म्हणाला, तर नव्या घरावर डिश फुकट बसवून देतो म्हटलं. शेवटी वैतागून त्यानं विचारलं की मग दंडाशिवाय सुटतो तरी कोण. फोनवरच्या मुलीनं सांगितलं, गिऱ्हाईक सैन्यात असलं आणि त्याची बदली झाली तर, किंवा गिऱ्हाइकाचा मृत्यू झाला तर.

“करार व्हर्ना साइझमोर यांच्या नावावर दिसतोय, सर. त्यांना जरा फोन देता का?”

डेलमरनं मान वळवून व्हर्नाकडे पाहिलं.

“ती नाही बोलू शकत,” तो म्हणाला. “वारली.”

“अरेरे. माफ करा, सर. कधी झालं हे?”

“रविवारी. चर्चमधून आली, खुर्चीत बसली, ती उठलीच नाही.”

“तुम्हाला फार मोठा धक्का बसला असेल.”

“धक्का कसला, पोरी. सुटलो. म्हणजे ती सुटली. शेवटी शेवटी काही उपयोगाची राहिली नव्हती. तशी आधीही नव्हतीच.” हे तो व्हर्नाच्या डोळ्यांत बघत बोलला.

व्हर्नानं शेगडी बारीक केली. घेवडा खाली लागत होता.

फोन ठेवून डेलमर हसत टेबलाशी बसला. “जिवंतपणी कधी माझ्या कामी आली नाहीस. मरून दंड तेवढा वाचवलास.”

“वाढू का?” व्हर्ना म्हणाली.

कंपनीला पुरावा हवा होता. मृत्यूचा दाखला, नाहीतर वर्तमानपत्रातली बातमी. आमच्या गावच्या साप्ताहिकात तिला सगळे ओळखत होते, म्हणून डेलमर डोंगरापलीकडच्या जिल्ह्यात गेला. तिथल्या पोरीनं पैसे घेतले आणि तो सांगेल ते उतरवून घेतलं. “व्हर्ना साइझमोर, शाळेतील निवृत्त स्वयंपाकीण, यांचे निधन. मागे पती डेलमर. अंत्यविधी झाला आहे. फुले पाठवू नयेत.”

ते वाचून व्हर्ना म्हणाली, “आयव्हलीनचं नाव नाही घातलंस.”

“ओळीला पैसे पडतात,” डेलमर म्हणाला.

आयव्हलीन ही तिची थोरली बहीण. रक्ताचं तेवढंच एक माणूस उरलेलं, आणि तेही डोंगरापलीकडे, त्याच पेपरच्या गावात. आई गेल्यावर आईच्या वस्तूंवरून दोघींचं बिनसलं, ते बोलणंच बंद झालं. व्हर्ना मला म्हणाली, “रोवीना, ती बातमी बघून मला वाईट वाटायच्या आधी दुसरंच वाटलं. वाटलं, आता आयव्हलीन येईल.”

ती खरंच वाट बघत बसली. निळा झगा घातला. वाळवलेल्या सफरचंदांचा थराथरांचा केक केला, त्यांची आई करायची तसा. रोज दुपारी ओसरीवर खुर्ची टाकायची. डेलमरनं विचारलं कुणाची वाट बघतेस, तर म्हणाली कुणाची नाही.

शनिवारी आयव्हलीन आली. कुणाचा तरी मागून आणलेला टेम्पो घेऊन. खाली उतरली तेव्हा तिच्या हातात दोरखंड होता आणि खांद्यावर जुनी घोंगडी. व्हर्नाला बघून ती फाटकातच थांबली.

“व्हर्ने. तू जिवंत आहेस.”

“हो.”

“पेपरात आलं होतं.”

“ते डिशच्या करारासाठी. दंड पडू नये म्हणून डेलमरनं दिलं.”

आयव्हलीनला हे उमगायला वेळ लागला. उमगल्यावर ती रडेल, निदान शिव्या तरी देईल, असं व्हर्नाला वाटलं. आयव्हलीननं हातातल्या दोरखंडाकडे पाहिलं.

“आईचं शिवणयंत्र न्यायला आले होते,” ती म्हणाली. “म्हटलं, डेलमर विकून मोकळा होईल.”

“फोन तरी करायचास.”

“कुणाला करू? तू मेली होतीस.”

“बस ना. केक केलाय.”

“नको गं. टेम्पो परत द्यायचाय.” मग म्हणाली, “आता एवढी आलेच आहे तर नेऊ का यंत्र? तू तरी कुठे शिवतेस.”

व्हर्ना आत गेली आणि यंत्राचं एक टोक तिनंच धरलं. दोघी बहिणींनी मिळून ते टेम्पोत चढवलं, घोंगडीत गुंडाळलं, दोरीनं बांधलं. डेलमर दारात उभा राहून बघत होता. “बघ,” तो म्हणाला, “मेल्यावर का होईना, माहेरचं माणूस दारात आलं.”

तो केक व्हर्नानं दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणून दिला. विकून टाक म्हणाली. मी विकला. लोकांनी नावाजून खाल्ला.

कंपनीनं करार रद्द केला, दंड लागला नाही. डेलमर गावभर मिरवला. पण बातमी छापली की ती कोण कोण वाचतं याचा नेम नसतो. शाळावाल्यांची पेन्शन देणाऱ्या कचेरीच्याही ती नजरेस पडली असावी. एका सकाळी फोन वाजला. डेलमरनंच घेतला. व्हर्ना तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती.

“साइझमोरबाईंच्या निधनाची खात्री करून घ्यायची होती,” पलीकडची बाई म्हणाली.

डेलमरला वाटलं, पुन्हा डिशवालेच. “गेली हो, गेली. किती वेळा मारायची तिला?”

“शाळेत स्वयंपाकाला होत्या, त्याच ना?”

“शाळेत स्वयंपाकाला? हो, तीच.”

हे शब्द व्हर्नाच्या कानावर पडले आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. डिशवाल्यांना शाळेशी काय घेणं? “एक शब्द बोलले असते तर तिथंच थांबलं असतं,” ती मला म्हणाली. “मी टॉवेल घेतला आणि त्याची घडी घातली.”

पेन्शन थांबली. तिच्यामागे डेलमरला काही मिळणार नव्हतं, कारण निवृत्तीच्या वेळी त्यानंच तिला दरमहा जास्त देणारी, पण मेल्यावर बंद होणारी पेन्शन घ्यायला लावली होती. आपणच आधी जाणार, मग मागं कशाला ठेवायचं, हा त्याचा हिशेब. बँकेत पैसे आले नाहीत तेव्हा त्यानं कचेरीला फोन केला आणि आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. बाईंनी स्वतः ओळखपत्र घेऊन यावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

“उद्या जाऊ,” तो व्हर्नाला म्हणाला. “तिथं समोर उभी राहा म्हणजे झालं.”

“मी नाही येणार.”

“नाही येणार म्हणजे?”

“तू सांगितलंस ना त्यांना मेली म्हणून. नवऱ्याला खोटं कसं पाडू?”

त्यानं हात उगारला. ती जागची हलली नाही. “मार,” म्हणाली. “एकदा मारलंसच आहेस.”

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन माझ्या खाणावळीत आली. मी तिला वरची खोली दिली, जेवण दिलं, आणि स्वयंपाकघर तिच्या हाती दिलं. मला वाटलं, आठवड्याभरात राग ओसरेल.

डेलमर आला. पहिल्या वेळी धमकी द्यायला, मग समजवायला, मग मागायला. गाडी विकली, बंदुका विकल्या. वीज तुटली. त्याला साखरेचा आजार होता आणि त्याची इन्सुलिनची सुई तिच्या पेन्शनवर यायची. थंडी पडायच्या सुमाराला तो शेवटचा आला तेव्हा पायात दोन वेगवेगळे बूट होते आणि एक पाय तो ओढत चालत होता.

“व्हर्ना,” तो म्हणाला, “एकदा चल. एक सही कर. मग तुला हवं तिथं राहा.”

तिनं त्याच्यासमोर कॉफी ठेवली. “खायला काय देऊ?” तिनं विचारलं, जसं कुणाही गिऱ्हाइकाला विचारते. त्यानं दोन्ही हातांनी कप धरला, तेव्हा ती आत निघून गेली. कॉफीचे पैसे मी घेतले नाहीत.

बर्फाच्या दिवसांत शेजाऱ्यांनी त्याला घरात पडलेलं पाहिलं आणि दवाखान्यात नेलं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. आता तो म्हाताऱ्यांच्या आश्रमात आहे. तिथून तो परत येत नाही हे पक्कं झालं, त्याच आठवड्यात व्हर्ना निळा झगा घालून पेन्शनच्या कचेरीत गेली आणि खिडकीपुढे उभी राहिली. तिची पेन्शन सुरू झाली, राहिलेलीसुद्धा सगळी मिळाली.

ती परत आली तेव्हा मी तिला विचारलं, “हेच आधी केलं असतंस तर? त्याचा पाय वाचला असता.”

“वाचला असता,” ती म्हणाली आणि बटाटे घेऊन बसली.

व्हर्नाच्या हाताला चव आहे. माझी खाणावळ आता दुपारी भरून वाहते, लांबून ट्रकवाले येतात. ती कुणाशी तुटक बोलत नाही, कुणाचं वाईट चिंतत नाही. पण पूर्वी तिच्या शेजारी बसून मी भाज्या निवडायचे, गप्पा मारायचे. हल्ली मी बाहेर गल्ल्यावरच बसते.