ढोलीतला हात

धारवाडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या त्या बाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. सुतारपक्ष्यांच्या पिल्लांच्या पायात खुणेची कडी घालायला त्या गावाबाहेरच्या आमराईत जातात, तेव्हा शिडी धरायला मी असतो. ढोलीत हात घातला की अक्का डोळे मिटतात आणि आत बोटं फिरवत कानडीत पुटपुटतात, "बा मरी, बा." म्हणजे ये पिल्ला, ये. वर्गात खणखणणारा त्यांचा आवाज तिथे अंगाईसारखा होतो.

यंदा एका सकाळी ते पुटपुटणं मध्येच थांबलं.

"काय झालं, अक्का?"

"हलू नका. साप आहे."

त्या झटकन उतरतील म्हणून मी शिडी घट्ट धरली. त्यांचा हात मात्र बराच वेळ आतच होता. मग निजलेल्या बाळाखालून काढावा तसा त्यांनी तो सावकाश बाहेर काढला आणि खाली उतरल्या.

"चावला नाही ना?"

"छे. पोट भरलंय त्याचं. पिल्लं त्याच्या पोटात अजून हलतायत हो, हाताला लागली."

एवढ्यात चोचीत अळी घेऊन मादी आली आणि ढोलीच्या तोंडाशी बसली. तिला उडवायला मी टाळी वाजवणार, तोच अक्कांनी माझं मनगट धरलं.

"अक्का, मरेल ती!"

"बघू तरी," त्या हळूच म्हणाल्या.

मी जोरात ओरडलो. मादी उडून गेली. गाढ झोपेतून कुणी उठवावं तसं अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मनगट त्यांनी लगेच सोडलं नाही, आणि त्यांचा हात थंडगार होता.